पाच मिनिटांचे काम

शुक्रवार, २४ ऑगस्ट २०१८, सकाळी दहा वाजून पस्तीस मिनिटे. सांगलीतील आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत, उत्तरेकडच्या खिडकीजवळच्या टेबलावर, मी त्यांचा आवाज पहिल्यांदा मोजला. नोंदवहीत वेळ आहे, खोलीचे तापमान आहे, मायक्रोफोनचे तोंडापासूनचे अंतर आहे आणि एक आकडा आहे : ४२६.४. त्या आकड्याने पुढे काय केले याची नोंद त्या वहीत नाही. ती इथे करते आहे. वस्तुनिष्ठ राहण्याचा दावा मात्र करत नाही, कारण या प्रयोगात मी केवळ निरीक्षक नव्हते.

ते आमच्या विभागाचे प्रयोगशाळा परिचर होते. उपकरणे काढून देणे, मोजून परत घेणे, फुटलेल्या काचेची नोंद करणे, हे त्यांचे काम. आपल्याकडच्या महाविद्यालयांत शिपाई आणि परिचर हे सगळ्यांचे मामाच असतात, तसे तेही मामा. त्यांना ते मान्य नव्हते.

“मामा नगं म्हनू,” ते दर वर्षी नव्या तुकडीला बजावत. “मी गायक हाय. हितं निस्ती हजेरी लावतो.”

अठ्ठावीस वर्षे ते तिथे निस्ती हजेरी लावत होते. उंच, सडपातळ, पन्नाशीला टेकलेले. मानेवर रुळणारे केस मेंदीने लालसर केलेले. अॅसिडने भोके पडलेल्या अॅप्रनखाली कायम काळा टी-शर्ट. अप्रिय उपकरणांना ते हिणवत. सूक्ष्ममापीला ‘चिक्कू’ म्हणत, कारण तो केसाची जाडीसुद्धा सोडत नाही. तराजूवर त्यांचा राग होता. प्रेम एकाच पेटीवर होते : नादकाट्यांची लाकडी पेटी, ज्यांना प्रयोगशाळेत आम्ही सगळे फोर्कच म्हणत असू. आठ फोर्क, प्रत्येकाच्या दांड्यावर इंग्रजी अक्षर आणि वारंवारता कोरलेली. रबरी ठोकळ्यावर आपटायचा, की फोर्क गुणगुणू लागतो. मामा ठोकळा वापरत नसत. स्वतःच्या गुडघ्यावर आपटून ते फोर्कची दांडी कानामागच्या हाडाला लावत आणि डोळे मिटून घेत. त्या वेळी त्यांना हाक मारली, तर दोन बोटे वर करून थांबवत. विभागप्रमुखांनाही.

गाणे हे त्यांचे खरे आयुष्य होते, आणि ते रॉक गाणे होते. ही गोष्ट मला पहिल्या वर्षी विनोदी वाटली होती. त्यांचे घर आष्ट्याला. वडिलांचा लग्नाच्या वरातीत वाजणारा बँड होता. वडील स्वतः क्लॅरिनेट वाजवत. “अब्बांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या लग्नात दुसऱ्याची गानी वाजवली,” ते सांगत. “मी ठरीवलं, आपलं गानं, आपलं शब्द. मग कुनी नाचू दे न्हाईतर नगं नाचू दे.” बाविसाव्या वर्षी, नोकरी लागली त्याच साली, त्यांनी आष्ट्यातल्या तिघांना घेऊन बँड काढला. नाव ठेवले ‘भोंगा’. साखर कारखान्याचा भोंगा, पाळी बदलताना वाजणारा. त्यांचे सर्वांत जुने गाणेही त्याच नावाचे :

*भोंगा वाजला, पाळी सुटली*
*मानूस न्हाई सुटला*

शेवटच्या ‘सुटला’वर त्यांचा आवाज फाटत फाटत खाली घसरत जाई आणि मध्येच, जिना संपल्यासारखा, थांबे. मी संगीतात अडाणी आहे. तरी प्रयोगशाळेत ते गाणे मी पहिल्यांदा ऐकले, तेव्हा हातातली शोषनळी खाली ठेवली होती, एवढे आठवते.

गाणी ते आलेख कागदावर लिहीत. विद्यार्थ्यांनी टाकून दिलेल्या प्रयोगवह्यांतून कोरे आलेख कागद काढून घेत आणि आडव्या अक्षावर शब्द मांडत; एका सेंटिमीटरला एक मात्रा. श्वास घ्यायचा तिथे छोटा गोल, ओरडायचे तिथे रेघ वर. कपाटात असे तीनशेच्या वर कागद होते. मी एकदा म्हणाले, “मामा, उभ्या अक्षावर काय आहे ते लिहिलेलं नाही. परीक्षेत गुण कापतील.”

“उभ्या अक्षावर जीव हाय,” ते म्हणाले. “त्याला एकक सांग बघू तुज्या पुस्तकातलं.”

गायक म्हणून त्यांची कारकीर्द, कागदोपत्री पाहिली तर, अपयशाची एक लांब यादी होती. ती ते स्वतःच मजेने सांगत. पाटणजवळच्या एका जत्रेत ऑर्केस्ट्रा समजून त्यांना बोलावले गेले. लोकांनी सिनेमाची गाणी मागितली, यांनी ‘भोंगा’ सुरू केले. अर्ध्या तासात मैदान रिकामे झाले. एक म्हातारा तेवढा शेवटपर्यंत बसून राहिला आणि जाताना म्हणाला, “लय वरडतुयास गड्या. पन खरं वरडतुयास.” हे वाक्य मामा पदवी मिळाल्यासारखे उच्चारत. सातारच्या स्पर्धांत ते तीनदा उतरले आणि तिन्ही वेळा पहिल्याच फेरीत बाद झाले. परीक्षकांनी पेटीची, म्हणजे हार्मोनियमची, साथ सक्तीची केली होती. पुण्यात एका ध्वनिमुद्रणासाठी ‘भोंगा’ला बोलावणे आले, तेव्हा चौघांनी मिळून नवे बूट घेतले होते. स्टुडिओतल्या की-बोर्ड वादकाने दोन ओळी ऐकून हात उचलले आणि काचेपलीकडच्या माणसाला सांगितले, “गायक बेसूर आहे.” चौघे त्याच संध्याकाळच्या एस.टी.ने परत आले. त्यानंतर बँड हळूहळू विरला. एकाने मोबाइल दुरुस्तीचे दुकान टाकले, एक कारखान्यात लागला, एक वारला.

या सगळ्याचे मामांकडे एक स्पष्टीकरण होते, आणि त्या स्पष्टीकरणावर हा माणूस उभा होता. ते म्हणत, प्रत्येक मुलखाचा स्वतःचा सूर असतो. “कोसाकोसावर पान्याची चव बदलती. मग सूर का न्हाई बदलायचा? आपला कृष्णाकाठचा सूर जरा खालनं चालतो. मातीतनं. पुन्यावाल्यांच्या कानाला तो लागत न्हाई, कारन त्येंचं कान पेटीनं बांधल्यात. पेटीच्या दोन पट्ट्यांच्या फटीत आपला मुलूख हाय बघ.” बेसूर ठरवले जाणे हा त्यांच्या लेखी पराभव नव्हताच; ती एका प्रदेशाची न ऐकली गेलेली साक्ष होती. पेटी आणि की-बोर्ड ही वाद्ये त्यांनी आयुष्यातून हद्दपार केली होती.

मी सातारची. वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आमच्या घरी पावसाचे मोजमाप रोज सकाळी सात वाजता वहीत लिहिले जाई. तेव्हा मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि परदेशात संशोधनाला जायचे हे ठरलेले होते. अर्जात दाखवण्यासारखे स्वतंत्र काम माझ्याकडे नव्हते. विषय शोधत असतानाच एक किरकोळ गोष्ट डोळ्यांत खुपली. अनुनाद नळीच्या प्रयोगात आठ फोर्क वापरून आलेखावर आठ बिंदू यायला हवेत. आमच्या विभागातल्या जुन्या प्रयोगवह्या मी चाळल्या. प्रत्येक वर्षीच्या प्रत्येक वहीत सात बिंदू. सहाव्याच्या जागी खाली तळटीप : ‘ए अक्षराचा फोर्क उपलब्ध नाही.’ एका महाविद्यालयात अठ्ठावीस वर्षे आलेखाला एक दात नव्हता आणि कोणी विचारले नव्हते.

फोर्क मामांच्या शर्टाच्या खिशात होता.

“गिटार लावाया लागतो,” ते शांतपणे म्हणाले. “गिटारीसंगट पुस्तक आलं हुतं. त्यात लिवल्यालं, पाचवी तार ‘ए’ फोर्कला जुळवा. म्या म्हनलं, फोर्क तर आपल्याकडंच हाय. ही बघ, ‘ए’.”

इथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. जगभरच्या वाद्यांत ‘ए’ हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांवर बांधलेला असतो. की-बोर्ड, पेटी, बासरी, सगळे त्यावर. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत मात्र फोर्कचा संच २५६ पासून सुरू होतो, कारण ती संख्या पुन्हा पुन्हा निम्मी करत गेले तरी अपूर्णांक येत नाही, गणिताला सोयीची. त्या हिशेबात ‘ए’ येतो ४२६.६ वर. दोन्ही बरोबर आहेत. पण दोघांत १३.४ कंपनांचे अंतर आहे, म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या साधारण निम्मे. एकट्याने गायले तर कोणालाही खटकणार नाही. पट्टी पक्की असलेले वाद्य शेजारी आले, की नेमके फटीत.

मला हे त्या दिवशी सुचले नाही. आवाज मोजायला घेतला, त्याचे कारण वेगळे होते. जुलैमध्ये महाविद्यालयाचा एक माजी विद्यार्थी मामांना भेटायला आला होता. तो साताऱ्यात एका कंपनीत अभियंता होता, हौसेने तरुणांचा बँड चालवत होता आणि स्वतः की-बोर्ड वाजवत होता. फेब्रुवारीत साताऱ्याच्या सभागृहात त्यांचा तिकीट लावून कार्यक्रम होता. “मामा, शेवटची तीन गाणी तुमची. तुम्हीच गायची. ‘भोंगा’ पाहिजेच,” असे तो म्हणाला, तेव्हा मामांनी हातातला फ्लास्क दोनदा विसळला. पन्नासाव्या वर्षी, पहिल्यांदा, त्यांची गाणी ऐकायला लोक तिकीट काढून येणार होते. ते महिन्यातून दोन रविवार सरावाला साताऱ्याला जाऊ लागले आणि सोमवारी अधिकाधिक गप्प परतू लागले.

“काय झालं, मामा?”

“जुळंना. पोरगं चांगलं हाय. पन त्येची पेटी माज्या अंगावर येती गं. म्या म्हनलं, पेटी काढ. त्यो म्हनतो, मामा, पेटी काढली तर बँडच न्हाई ऱ्हात.”

मी म्हणाले, “आपण मोजूया.” त्यात मदतीची इच्छा होती हे मी नाकारत नाही. ती किती टक्के होती, हे आता मला सांगता येणार नाही.

ऑगस्टमध्ये मी त्यांना फोर्कच्या स्वरात ‘आ’ लावायला सांगितला. त्यांचा आवाज उंच होता, तिथपर्यंत सहज चढे. ४२६.४. दुसऱ्या दिवशी ४२६.७. फोर्क खिशात नसताना, सकाळी आल्या आल्या, पाणीही न पिता : ४२६.५. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत माझ्याकडे एकसष्ट नोंदी होत्या आणि सरासरी फोर्कवर कोरलेल्या आकड्याशी दशांशापर्यंत जुळत होती. असा कान मी पुढेही पाहिलेला नाही. अठ्ठावीस वर्षांत त्या माणसाच्या गळ्यात एक पोलादी फोर्क रुतून बसला होता. निष्कर्ष एका ओळीचा होता : हा गायक कधीच बेसूर नव्हता; त्याची पहिल्या दिवशीची खूण वेगळी होती.

त्याच संध्याकाळी मी हे त्यांना सांगू शकले असते. ते कपाटाला कुलूप लावत होते, मी दहा पावलांवर होते.

सांगितले नाही. डिसेंबरमध्ये साताऱ्याला आंतरमहाविद्यालयीन संशोधन स्पर्धा होती. मला आणखी नोंदी हव्या होत्या. त्यांना कळले असते, तर त्यांनी तार बदलून लावली असती आणि नमुना बिघडला असता. मी वहीत तसे लिहिलेही आहे, हिरव्या शाईने : ‘विषयव्यक्तीस तूर्त माहिती देऊ नये.’ पुढचे तीन महिने ते दर पंधरवड्याला साताऱ्याला जाऊन हरून येत राहिले. मी दर सोमवारी त्यांचा आवाज मोजत राहिले. ऑक्टोबरनंतर त्यांच्या आवाजात एक बारीक कंप दिसू लागला. मी त्याचा वेगळा स्तंभ आखला.

स्पर्धेला या, असे मीच त्यांना म्हटले होते. “तुमच्या आवाजावर काम केलंय, मामा.” ते आष्ट्याहून पहाटेच्या गाडीने आले, काळ्या टी-शर्टऐवजी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस तेल लावून मागे बांधलेले. दालनात शिरताना त्यांनी दारापाशी चपला काढल्या. बाकी कोणी काढलेल्या नव्हत्या.

माझ्या फलकावर शीर्षक होते : ‘एका हौशी गायकाच्या संदर्भ-स्वरातील स्थिर विचलनाचा अभ्यास’. खाली निळी आडवी रेघ, ४४०. तिच्या खाली लाल ठिपक्यांची दुसरी रेघ, सरळ, एकही ठिपका वाट न चुकलेला. त्यांनी आधी सगळे ठिपके पाहिले. मग शीर्षकावरून बोट फिरवले आणि ‘हौशी’वर थांबले.

“ही लाल रेघ मी?”

“हो.”

“आन ही वरची?”

“बाकी सगळे.”

मी त्यांना दोन मिनिटांत समजावून सांगितले. माझे समजावणे चांगले आहे, तसे मला नेहमी सांगितले जाते. संच तिकडे हरियाणात, अंबाल्याच्या कारखान्यात बनतो, देशभरच्या प्रयोगशाळांत तोच जातो, त्यात चूक कोणाचीच नाही, हेही सांगितले. ते ऐकत होते. दोन्ही हात पाठीमागे, एखाद्या चौकशीत उभे असल्यासारखे.

“म्हंजे कृष्णाकाठचा न्हवं,” ते म्हणाले. “अंबाल्याचा.”

तेवढ्यात परीक्षक आले. तिघे होते. त्यांतल्या ज्येष्ठांना काम फार आवडले. “आणि हा गायक? इथे आहे का?” मी हात केला. त्यांनी मामांकडे कौतुकाने पाहिले. “कमाल आहे हो! इतकी वर्षं तुमच्या लक्षात कसं नाही आलं?” आजूबाजूचे विद्यार्थी हसले. दुष्टपणाने नव्हे, गोष्ट हसण्यासारखीच होती.

“सूर कळत हुता, साहेब,” मामा म्हणाले. “फोर्कचा पत्ता म्हाईत न्हवता.”

परीक्षक पुढच्या फलकाकडे गेले. मामांनी माझ्याकडे न पाहता विचारले, “तुला कवा कळलं?”

“सप्टेंबरमध्ये.”

त्यांनी लाल रेघेच्या पहिल्या ठिपक्यावर बोट ठेवले. मग म्हणाले, “आन समज, तवाच कळलं असतं. पुन्याला जायच्या आधी. त्या पेटीवाल्याला म्हाईत असतं, न्हाईतर मला. तर काय करावं लागलं असतं?”

मी प्रामाणिकपणे उत्तर दिले. प्रश्न तांत्रिक आहे असे मला वाटले. “काही नाही. दुसरा फोर्क घ्यायचा, तारा थोड्या चढवायच्या. पाच मिनिटांचं काम होतं, मामा.”

त्यांनी मान डोलावली. एकदा, दोनदा, मग बराच वेळ. जिना उतरताना त्यांनी कठडा धरला होता. मला पहिले पारितोषिक मिळाले. ते जाहीर झाले, तेव्हा मामा स्टँडवर पोचलेही असतील.

माणूस अपयश कशावर तोलून धरतो, हे मला तेव्हा माहीत नव्हते. त्यांच्याकडे एक मुलूख होता. त्या मुलखाचा ते आवाज होते आणि जग बहिरे होते. एवढ्या मोठ्या कारणावर एवढे मोठे अपयश पेलता येते. मी ते कारण काढून घेतले आणि त्या जागी एक कारकुनी चूक ठेवली. जिच्यात कोणी शत्रू नाही, कोणी दोषी नाही, आणि जी एखाद्या दुपारी दुरुस्त झाली असती.

नंतर त्यांनी तक्रार केली नाही. जानेवारीत मी ४४० चा फोर्क मागवून दिला. गिटार लावताना त्यांनी घड्याळाकडे पाहिले. साडेचार मिनिटे लागली. मग त्यांनी तोंड उघडले आणि आवाज जुन्या जागी जाऊन पडला. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तिथेच. गिटार वर, गळा खाली. आपल्याच गिटारीशी ते बेसूर झाले होते, आयुष्यात पहिल्यांदा, खरोखरचे.

“व्हईल,” ते म्हणाले. “कार्येक्रमाला म्हैना हाय.”

त्यांनी मोबाइलवर सूर दाखवणारे ॲप घेतले : मधोमध काटा, डावीकडे कमी, उजवीकडे जास्त. मधल्या सुट्टीत, गोदामात, हौदापाशी ते काट्याकडे पाहत ‘आ’ लावून उभे असत. अठ्ठावीस वर्षांचा रुतलेला फोर्क त्यांनी एका महिन्यात उपसून काढला. मला वाटत होते ते जमणार नाही. माझा अंदाज चुकला. पहिला फोर्क त्यांनी फोर्कच्या लाकडी पेटीत परत ठेवला. त्या वर्षीच्या तुकडीच्या आलेखावर आठ बिंदू आले.

फेब्रुवारीतल्या कार्यक्रमाला, ‘हातातलं काम सुटेल असा आवाज आहे’ असे सांगून, मी वडिलांना घेऊन गेले होते. सभागृह बऱ्यापैकी भरले होते. शेवटच्या तीन गाण्यांना मामा मंचावर आले. त्यांनी समोरच्या स्टँडवर मोबाइल उभा केला. गाताना डोळे मिटणारा तो माणूस तिन्ही गाणी त्या चौकोनाकडे पाहत गायला. एकही स्वर चुकला नाही. की-बोर्ड आणि गळा एकमेकांत मिसळून गेले होते. ‘मानूस न्हाई सुटला’ ही ओळ आली. आवाज घसरला नाही. घसरताना काटा हलला असता. तो सरळ, स्वच्छ, जिथे संपायला हवा तिथे संपला. लोकांनी टाळ्या वाजवल्या; जेवढ्या सभ्यपणे वाजवतात तेवढ्या.

“बरं गायले,” वडील म्हणाले. “तू म्हणत होतीस तसं काही वाटलं नाही.”

मंचामागे तो की-बोर्डवाला अभियंता मामांच्या गळ्यात पडला होता. “मामा, आज एकदम सुरात! जबरदस्त!”

“व्हय का?” मामा म्हणाले. “मग गात कोन हुतं?”

तो मोठ्याने हसला. मामाही थोडे हसले. पुढच्या कार्यक्रमासाठी त्याने दोनदा फोन केला, असे मला त्याच्याकडून कळले. मामांनी घेतला नाही.

जून २०१९ मध्ये मी त्यांना भेटायला आष्ट्याला गेले. प्रवेश मिळाला होता, महिन्याभरात निघायचे होते. निवडसमितीला तो अभ्यास आवडल्याचे पत्रात लिहिले होते. निरोप घ्यायचा होता, हे खरे. आणि नव्या सुरावर त्यांचा आवाज चार महिन्यांनी कुठे स्थिरावला आहे याची एक अखेरची नोंद हवी होती, हेही खरे. रेकॉर्डर पिशवीत होता.

ईदला चार दिवस झाले होते, तरी त्यांच्या पत्नीने माझ्यासाठी शीरखुर्मा राखून ठेवला होता. मामा मागच्या अंगणात होते. वाटी हातात देताना त्या हळू आवाजात म्हणाल्या, “तुमीच त्या मापवाल्या बाई न्हवं? त्येंनी गानं सोडलंय बगा. लिवत बी न्हाईत. त्ये आलेखाचं कागद हुतं न्हवं कपाटात, त्ये समदं आनून माळ्यावर टाकलं. रोज सकाळी उठायचं, फोन फुड्यात ठिवायचा आन निस्तं आ करून बगायचं. धा मिन्टं. मग गप. म्या म्हनलं, आवं, एकादं गानं तरी म्हना. तर म्हनत्यात, आधी सूर पक्का हू दे.”

“पक्का झालाय की तो,” मी म्हणाले.

“मग तुमीच सांगा त्यास्नी. तुमचं ऐकत्यात.”

मामा आत आले. केस कापले होते. मेंदी उतरून पांढरे झाले होते. माझ्या प्रवेशाची बातमी ऐकून त्यांना मनापासून आनंद झाला, हे मला सहन झाले नाही. मी ‘भोंगा’ म्हणा असा आग्रह केला. त्यांनी पहिली ओळ पुटपुटून पाहिली आणि थांबले. “शब्द आठिवत्यात,” ते म्हणाले. “पन कुनीतरी लिवल्यालं वाटतंय. दुसऱ्या कुनाचं तरी.”

मी त्यांना सांगायला हवे होते की मी चुकले. वाक्य तयार होते, गाडीत दोनदा म्हणून पाहिले होते. त्याऐवजी माझ्या तोंडून निघाले, “एक नोंद घेऊ का, मामा? शेवटची.”

“घे की,” ते म्हणाले. “त्येच्यासाटीच आलीस न्हवं?”

त्यात टोमणा नव्हता. मी रेकॉर्डर ठेवला, अंतर मोजले. त्यांनी मोबाइल समोरच्या डब्याला टेकवून उभा केला आणि शर्टाचे वरचे बटण लावले.

“आज डोळे मिटून लावा,” मी म्हणाले.

“डोळं मिटलं तर काटा कसा दिसंल, पोरी?”

त्यांनी श्वास घेतला. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. त्यांच्या पत्नी दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. आवाज सहा सेकंद टिकला. त्यात कंप नव्हता, खरखर नव्हती, घसरण नव्हती. काटा मधोमध उभा होता आणि ते त्याच्याकडे पाहत होते. संपल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले. तोंडी परीक्षेला बसलेला विद्यार्थी पाहतो तसे.

“बरोबर हाय?”

मी वही उघडली. तारीख लिहिली, वेळ लिहिली, अंतर लिहिले. मग आकडा : ४४०.१.